रिकॉलचं पत्र आलं, पार्ट मात्र आला नाही

प्रश्न : स. न. वि. वि. मी वारज्यात राहणारी निवृत्त शिक्षिका. २०२३च्या दसऱ्याला आम्ही हायब्रिड एसयूव्ही घेतली. एक्स-शोरूम १८ लाख ६० हजार, ऑन-रोड पावणेबावीस. त्यातलं १२ लाख कर्ज. यंदा जानेवारीत कंपनीचं रिकॉलचं, म्हणजे दोषाच्या शंकेने गाड्या परत बोलावण्याचं, पत्र आलं, की हायब्रिड बॅटरीच्या आतल्या जोडणीत दोष असू शकतो, गाडी मोफत तपासून घ्या, तोवर बंदिस्त जागेत लावू नका. १९ जानेवारीला वर्कशॉपने सॉफ्टवेअर अपडेट करून दिलं. ११ फेब्रुवारीला कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे उतरताना स्क्रीनवर 'हायब्रिड सिस्टीममध्ये बिघाड, सुरक्षित जागी थांबा' असं आलं आणि गाडी ओढेनाशी झाली. मागे ट्रक. कशीबशी कडेला घेतली. मार्चमध्ये गाडी तीन आठवडे वर्कशॉपला होती. ६ एप्रिलला सांगितलं, पूर्ण बॅटरी पॅक बदलावा लागेल, पार्ट बाहेरून यायचा आहे, तारीख सांगता येत नाही, तोवर गाडी घरी न्या. त्याला आता शंभर दिवस झाले. सोसायटीने पार्किंगमधून गाडी बाहेर काढायला लावली, ती गेटबाहेर झाडाखाली पक्ष्यांची विष्ठा झेलत उभी आहे. हप्ता २४ हजार ९०० चालूच. शोरूमचा मॅनेजर म्हणतो, 'काकू, ही एक्सचेंजला द्या, नवीन गाडीवर एक लाख जास्तीचे सोडतो.' मुलगा अमेरिकेत असतो, तो म्हणतो तिथे लेमन लॉ आहे, सदोष निघालेली गाडी कंपनी परत घेते. आपल्याकडे पैसे परत मिळतात का? हप्ता थांबवू का? आणि भांडायचं कोणाशी, शोरूमशी की कंपनीशी?
— एक वाचक, वारजे

उत्तर : ताई, तुम्ही पाठवलेल्या झेरॉक्सच्या गठ्ठ्यात मी सगळ्यात आधी रिकॉलचं पत्र नाही पाहिलं, गेट पास पाहिले. या सदराच्या जुन्या वाचकांना ठाऊक आहे, की वकिलीची सनद घेण्याआधी मी चौदा वर्षं चिंचवडच्या एका वर्कशॉपात सर्व्हिस ॲडव्हायझर होतो. काउंटरच्या त्या बाजूला उभं राहून मी हजारो गेट पास फाडलेत. त्यावर तळाशी बारीक अक्षरात एक ओळ असते : 'वाहन समाधानकारक स्थितीत ताब्यात मिळाले.' तुमच्या यजमानांनी त्याखाली तीनदा सही केली आहे. तिसरी सही ६ एप्रिलची, म्हणजे ज्या दिवशी तुम्हाला तोंडी सांगितलं की बॅटरी पॅक मिळत नाही, त्याच दिवशीची.

मग जॉब कार्ड पाहिली. ग्राहकाची तक्रार या रकान्यात पहिल्यावर लिहिलंय 'सॉफ्टवेअर कॅम्पेन'. फेब्रुवारीच्या कार्डावर 'जनरल चेक-अप'. नवले पुलाच्या उतारावर तुम्ही ट्रकखाली जाता जाता वाचलात आणि कागद म्हणतो, तुम्ही जनरल चेक-अपला आला होतात. यात दर वेळी कुणाचं कारस्थान असतं असं नाही. सकाळी साडेनऊला काउंटरवर पंधरा गाड्या असतात, ॲडव्हायझर संगणकातल्या तयार यादीतून एक ओळ निवडतो आणि पुढच्याला बोलावतो. मीही तेच करायचो. एकदाच एक गृहस्थ भेटले, खिशाला शाईचं पेन. म्हणाले, 'मी सांगतो ते वाक्य जसंच्या तसं लिहा, त्याशिवाय सही करणार नाही.' आणि मला लिहायला लावलं : 'चांदणी चौकाच्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये गाडीने दम सोडला, इंजिनाचा दिवा लागला, वेळ सव्वासात.' मी मनातल्या मनात वैतागलो होतो. दीड वर्षाने तेच कार्ड ग्राहक मंचात आमच्याविरुद्ध उभं राहिलं, तेव्हा त्या वाक्यातलं एक अक्षरही आमच्या वकिलांना हलवता आलं नाही.

तेव्हा तुमचं पहिलं काम : गाडी टो करून परत वर्कशॉपमध्ये नेऊन लावा. टो करूनच, चालवत नाही. टोचे पैसे कंपनीच्या रोडसाइड असिस्टन्सकडून होतात का ते आधी विचारा, नाही म्हणाले तर स्वतः भरा आणि पावती ठेवा. नवीन जॉब कार्ड उघडायला लावा, आणि तक्रारीच्या रकान्यात तुमच्या शब्दांत लिहायला लावा, की अमुक तारखेच्या रिकॉल पत्रातला दोष दूर झालेला नाही, ११ फेब्रुवारीला चालत्या गाडीची ओढ गेली, ६ एप्रिलला बॅटरी पॅक बदलणं आवश्यक असल्याचं सांगण्यात आलं, पार्ट उपलब्ध नाही. 'जागा नाही' म्हणतील. तसं लिहून द्या म्हणावं. लिहून देणार नाहीत. मग तिथेच उभं राहून त्यांना ईमेल करा. जॉब कार्ड उघडं असेल तर प्रत्येक दिवस कंपनीच्या खात्यावर पडतो. गाडी तुमच्या गेटबाहेर उभी असली तर उद्या म्हणतील, बाईंनी गाडी आणलीच नाही.

आता तुमच्या बाजूने काय आहे ते सांगतो, आणि ते बरंच आहे.

गाडीच्या तक्रारीत ग्राहक हरतो तो बहुतेक एकाच ठिकाणी : उत्पादनातलाच दोष आहे हे सिद्ध करताना. कंपनीचे वकील हमखास मारुती उद्योगच्या खटल्यातला सर्वोच्च न्यायालयाचा २००६चा निकाल काढतात. वॉरंटीत सदोष भाग बदलून देण्याचं वचन असेल, तर भाग बदलून मिळेल, अख्खी गाडी नाही, असं त्याचं सार. २०१०मध्ये फियाटच्या प्रकरणातही न्यायालयाने गाडी आधी स्वतंत्र तज्ज्ञाकडून तपासायला लावली, मूळचा दोष निघाला तर पैसे परत, अशा अटीवर. सामान्य ग्राहक इथेच थकतो. तज्ज्ञ आणायचा कुठून, त्याची फी कोण देणार, आणि तो म्हणाला 'दोष आढळला नाही' तर?

तुमच्याकडे मात्र रिकॉलचं पत्र आहे. चासी नंबर टाकून, कंपनीच्या लेटरहेडवर, त्यांनीच कळवलंय की या गाडीच्या बॅटरीत दोष असू शकतो. पत्रातला 'असू शकतो' हा शब्द ते पुढे करतील. त्याला उत्तर तुमच्या मोबाइलमध्ये आहे : ॲडव्हायझरचा ६ एप्रिलचा व्हॉट्सॲप, 'मॅडम, डायग्नोसिसमध्ये पॅक फेल दाखवतंय, पार्ट बॅकऑर्डरला आहे.' आणि ११ फेब्रुवारीचा तो फोटो. ओल्या काचेतून आलेला पिवळा उजेड, स्क्रीनवर त्रिकोण, खाली ३१,४१२ किलोमीटर, कोपऱ्यात ७.५२. हे दोन्ही मूळ मोबाइलमध्ये तसेच राहू द्या, फोन बदलायचा असेल तर थांबा. प्रिंटसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३चं प्रमाणपत्र जोडावं; ग्राहक आयोग (पूर्वीचा ग्राहक मंच) पुराव्याच्या नियमांबाबत कोर्टाइतका काटेकोर नसतो, पण समोरच्याला हरकतीची फट ठेवू नये.

आणि २००६च्या निकालाला उत्तरही तुमच्याच गोष्टीत आहे. भाग बदलून देण्यावर भागतं, हे तेव्हाच खरं, जेव्हा भाग असतो. इथे भागच नाही. शिवाय एप्रिल २०२२मध्ये ह्युंदाईच्या प्रकरणात, अपघातात एअरबॅग उघडल्या नाहीत म्हणून गाडी बदलून देण्याचा राष्ट्रीय ग्राहक आयोगाचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने कायम ठेवला. सुरक्षेशी संबंधित दोषाला किरकोळ पार्टाचा मामला म्हणता येत नाही, असं मांडायला तो निकाल उपयोगी पडतो.

मुलाचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. तिथे राज्याराज्यांचे लेमन लॉ आहेत, आणि त्याखेरीज वाहन-सुरक्षेचा केंद्रीय कायदा आहे. रिकॉल झालेली गाडी दुरुस्त करा, बदला किंवा पैसे परत करा, असं तो सांगतो. आणि गाडी नेऊन दिल्यावर ६० दिवसांत नीट दुरुस्त झाली नाही, तर वाजवी मुदत टळली असं प्रथमदर्शनी धरलं जातं. तिथेही प्लग-इन हायब्रिडच्या मालकांना 'घरापासून दूर लावा, चार्ज करू नका' अशी पत्रं गेली आणि इलाज मागाहून आला. म्हणजे दुखणं तुमचं एकटीचं नाही.

आपल्याकडे लेमन लॉ नावाचा कायदा नाही, आणि ६० सारखा आकडाही नाही. २०१९ आधी तर रिकॉल हा सगळा कंपन्यांच्या मर्जीचा मामला होता. २०१२पासून उद्योगाच्या संघटनेची एक ऐच्छिक संहिता होती, तेवढंच. २०१९च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम ११०-ए आलं, आणि १ एप्रिल २०२१पासून त्याचे नियम लागू झाले. त्या कलमाचं तिसरं उपकलम तुम्ही स्वतः वाचा, मराठीच्या शिक्षिकेला शोभेल इतक्या बारकाईने. ज्याच्या गाड्या रिकॉल झाल्या त्या उत्पादकाने ग्राहकाला गाडीची पूर्ण किंमत परत द्यावी, किंवा तशीच अगर सरस दुसरी गाडी द्यावी, किंवा दुरुस्त करून द्यावी. निवड ग्राहकाची असं त्यात म्हटलेलं नाही, म्हणून कंपनी नेहमी तिसरा, स्वस्त पर्याय धरते. पण दुरुस्ती होतच नसेल तर उरतात दोन.

कंपनी म्हणेल, 'आमचा रिकॉल स्वेच्छेचा आहे, सरकारने आदेश दिलेला नाही, हे कलम आम्हाला लागूच नाही.' चौथं उपकलम बघा. दोष लक्षात येताच उत्पादकाने सरकारला कळवून स्वतःहून रिकॉल सुरू केला, तर त्याला दंड भरावा लागणार नाही, इतकंच ते म्हणतं. नियमांप्रमाणे हा दंड १० लाखांपासून १ कोटीपर्यंत जातो. माझं वाचन असं, की माफी आहे ती दंडाची, ग्राहकाच्या देण्याची नाही. हा माझा युक्तिवाद आहे, दगडावरची रेघ नव्हे. पण नोटिशीत तो पहिल्या परिच्छेदात घाला. शिवाय केवळ त्याच्यावर विसंबायचं कारणच नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९चं कलम ३९ आयोगाला सरळ अधिकार देतं : दोष काढून द्यायला लावा, दोषमुक्त नवी वस्तू द्यायला लावा, व्याजासह किंमत परत करायला लावा, नुकसानभरपाई द्या. आणि हा कायदा इतर कायद्यांच्या जोडीला आहे, त्यांच्या बदल्यात नाही.

आपल्या कायद्यात दिवसांचा आकडा नाही, म्हणून वाजवी मुदत कधी संपली हे तुम्हालाच कागदावर दाखवावं लागेल. फोनवर पन्नास वेळा 'कधी होणार हो?' विचारलं त्याला शून्य किंमत. एक नोटीस द्या. कंपनीच्या नोंदणीकृत कार्यालयाला आणि शोरूमला, दोघांनाही, स्पीड पोस्टाने आणि ईमेलने. तीन तारखा, चार जॉब कार्डांचे नंबर, आणि 'ही नोटीस मिळाल्यापासून ३० दिवसांत रिकॉलमधला दोष कायमचा दूर करून गाडी द्या, तोवर त्याच दर्जाची पर्यायी गाडी द्या. ते जमत नसेल तर ऑन-रोड रक्कम व्याजासह परत करा.' पाल्हाळ नको. 'मानसिक छळ' हा शब्द एकदा पुरे.

भांडायचं कोणाशी हा प्रश्न त्यामुळे आपोआप सुटतो : दोघांशी. कंपनी म्हणते शोरूम स्वतंत्र धंदा आहे, शोरूम म्हणतं आम्ही नुसते विकणारे. एकालाच पक्षकार केलंत तर तो दुसऱ्याकडे बोट दाखवून मोकळा होतो. कंपनीचं मुख्य कार्यालय दुसऱ्या राज्यात असलं तरी बिघडत नाही. २०१९च्या कायद्यात ग्राहक जिथे राहतो तिथे तक्रार करता येते, म्हणजे पुणे जिल्हा आयोगातच. वस्तूची मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग. तुमची एक्स-शोरूम किंमत १० ते २० लाखांत बसते, तिला फी ४०० रुपये. हो, चारशे. तक्रार ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या भरता येते, आणि वकील लावणं सक्तीचं नाही. वकील असून मी हे लिहितोय, याची नोंद घ्यावी.

मुदत दोन वर्षांची, तक्रारीचं कारण घडल्यापासून. रिकॉलचं पत्र यंदाच्या जानेवारीचं आहे, तेव्हा घाबरायचं कारण नाही. पण कंपनी दोन वर्षं खरेदीपासून मोजायचा प्रयत्न करणार, म्हणून उगाच लांबवूही नका. तुमची तीन वर्षांची वॉरंटी येत्या दसऱ्याच्या सुमारास संपते, हेही डोक्यात ठेवा. हायब्रिड बॅटरीची वॉरंटी सहसा वेगळी आणि लांब असते. ते पुस्तिकेचं पान झेरॉक्स करून जोडा.

तक्रारीसोबत अंतरिम अर्ज द्या, की निकाल लागेपर्यंत पर्यायी गाडी किंवा प्रवासखर्च मिळावा. आयोगाला तसा आदेश देता येतो, पण मागितल्याशिवाय कोणी देत नाही. एप्रिलपासूनच्या रिक्षा-कॅबच्या पावत्या ॲपमध्ये असतात, त्या काढा. कंपनीने दोषच नाकारला तर आयोग गाडी योग्य प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. या बाबतीत पुणेकर नशीबवान. वाहनं तपासणारी एआरएआय ही संस्था १९६६पासून इथे आहे, वेताळ टेकडीच्या अंगाला. रोज सकाळी टेकडी चढणाऱ्यांतल्या निम्म्यांना आत काय चालतं ते माहीत नसतं.

पैसे परत मिळताना पूर्ण मिळतीलच असं मी सांगणार नाही. तुम्ही एकतीस हजार किलोमीटर गाडी वापरली आहे, त्यापोटी आयोग काही घट धरू शकतो. कर्ज असल्यामुळे आधी बँकेचं देणं फिटेल, उरलेलं तुम्हाला. मागणी करताना मात्र रोड टॅक्स, रजिस्ट्रेशन, विमा, सगळं धरून करा. गंमत बघा, २०२३मध्ये तुमच्यासारख्या हायब्रिडवर जीएसटी आणि सेस मिळून ४३ टक्के कर होता. सप्टेंबर २०२५पासून तो ४० झाला. 'आता हेच मॉडेल स्वस्त झालंय, तेवढेच घ्या' असं कोणी म्हणालं तर तुमचं बिल पुढे करा. तुम्ही भरले ते भरले.

हप्त्याचं : थांबवू नका. बँकेचा करार तुमच्याशी आहे, गाडीच्या तब्येतीशी नाही. दोन हप्ते चुकले की सिबिल खराब होतो, वसुलीवाले दारात येतात, आणि उद्या गाडीच ओढून नेली तर आयोगापुढे दाखवायचं काय? भरलेल्या हप्त्यांचं व्याज नुकसानभरपाईत मागा.

विम्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण तुमचं पत्र वाचताना मला खरी भीती तिथेच वाटली. यांत्रिक किंवा विजेचा बिघाड साध्या मोटार पॉलिसीत बसत नाही, आग बसते. पण त्याच पॉलिसीत अशीही अट असते, की गाडीचं नुकसान टाळण्यासाठी मालकाने वाजवी काळजी घ्यावी आणि बिघडलेली गाडी दुरुस्तीआधी चालवू नये. कंपनीने लेखी सांगितलंय बंदिस्त जागेत लावू नका. ती तुम्ही तळघरात लावली आणि काही झालं, तर विमा कंपनी पहिल्यांदा तेच पत्र काढेल. त्यामुळे सोसायटीवर रागावू नका, चेअरमनचं या बाबतीत बरोबर आहे. विमा चालू ठेवा.

याच कारणासाठी नाना पेठेतले जे ओळखीचे मिस्त्री 'पॅक उघडून सेल बदलून देतो, चाळीस हजारांत' म्हणतायत, त्यांना चहा पाजून परत पाठवा. नाना पेठेत काय होत नाही असं नाही, पण बॉनेटखालच्या त्या नारिंगी जाड केबलींना हात लावायचा नसतो. तो रंग उच्च दाबाच्या विजेचा इशारा असतो. आणि पॅकचं सील तुटलं की कंपनीचा बचाव तयार. 'तोवर नुसत्या पेट्रोलवर चालवा' हा शोरूममधल्या पोराचा सल्लाही विसरा. बऱ्याच स्ट्राँग हायब्रिडमध्ये इंजिनाला वेगळा स्टार्टर नसतोच, मोठ्या बॅटरीवर चालणारी मोटरच इंजिन फिरवते. ती बॅटरी आजारी तर पेट्रोलची टाकी फुल असून उपयोग नाही.

राहिला तो एक लाखाचा प्रस्ताव. एक्सचेंजचा कागद मागवून नीट वाचा. त्यात कुठेतरी 'सर्व तक्रारींचा अंतिम निपटारा' असं असणार. ती सही झाली की वरचं सगळं लिहिणं वाया. शिवाय रिकॉलमधली, बंद पडलेली गाडी एक्सचेंजमध्ये किती धरणार? सात-आठ लाख पाडून घेतील आणि वर एक लाख 'सोडतील'. तडजोडीला मी विरोधात नाही. आयोगातही पहिल्या तारखांना मध्यस्थीचा पर्याय विचारतात, तिथे बसून आकडा ठरला तर तो कागदावर पक्का होतो. पण आकडा कोणत्या टोकापासून सुरू करायचा? १८ लाख ६० हजारांपासून.

या गाडीच्या मालकांच्या तुमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पुण्यातलेच तीसेक जण आहेत असं लिहिलंय. प्रत्येकाने १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आणि परिवहन खात्याच्या वाहन पोर्टलवरच्या रिकॉलच्या पानावर आपापली तक्रार टाका. गाडी सात वर्षांच्या आतली असायला हवी, तुमच्या सगळ्यांच्या आहेत. ठराविक प्रमाणात मालकांच्या तक्रारी जमल्या की सरकारला चौकशी लावता येते, आणि मग स्वेच्छा-बिच्छा राहत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणालाही वस्तू परत बोलावून पैसे परत करायला लावण्याचा अधिकार आहे. या वाटा सगळ्यांसाठी मिळून. तुमच्या पैशांचा दावा मात्र तुमचा स्वतंत्र ठेवा, तिसांची मोट बांधायला गेलात तर वर्ष सह्या गोळा करण्यातच जाईल.

किती वेळ लागेल? कायद्यात तीन महिने लिहिलेत, प्रयोगशाळेची तपासणी असेल तर पाच. मी आयोगाच्या बाकांवर बसून जे पाहिलंय, त्यात या आकड्यांना फारसा अर्थ नाही. पण समोरच्याला लेखी म्हणणं द्यायला ३० आणि वर फार तर १५ दिवस मिळतात, त्यापुढे एकही नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२०मध्ये पक्कं केलंय. शेहेचाळिसाव्या दिवशी सकाळी पोर्टल उघडून बघा.

प्रश्न : माझी हायब्रिड पिवळ्या पाटीवर आहे, टूरिस्ट परमिट. मी स्वतः चालवतो, रात्रपाळीला कधी मेहुणा. तीही याच रिकॉलमध्ये आहे, दोन महिने वर्कशॉपला. शोरूमवाले म्हणतात, धंद्याची गाडी, तुम्ही ग्राहकच नाही.
— एक वाचक, हडपसर

उत्तर : दादा, चुकीचं सांगतायत. धंद्यासाठी घेतलेली वस्तू कायद्यातून वगळली आहे खरी, पण स्वतःच्या श्रमाने पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू त्या वगळण्यात येत नाही. १९९५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नेमकं रिक्षा-टॅक्सीचंच उदाहरण घेऊन हे सांगितलं : स्वतः चालवणारा ग्राहक, एखाद-दुसऱ्याची मदत घेतली तरी ग्राहकच, गाडी घेऊन पूर्णपणे दुसऱ्याच्या हाती दिली तर नाही. मेहुण्याची रात्रपाळी त्यामुळे आड येत नाही. तक्रारीत पहिल्याच पानावर 'स्वयंरोजगारातून उपजीविकेसाठी' असं लिहा. ते वाक्य राहून गेलं म्हणून तक्रारी अडकलेल्या मी पाहिल्यात. आणि ॲपवरच्या कमाईचे गेल्या सहा महिन्यांचे आठवडी हिशेब डाउनलोड करून ठेवा. बुडालेला धंदा तोंडी सांगून मिळत नाही.

प्रश्न : मी सेकंड हँड हायब्रिड घेतली, आधीचे मालक नाशिकचे. रिकॉलचं पत्र त्यांना गेलं, मला आठ महिन्यांनी कळलं. मला मोफत दुरुस्ती मिळेल का?
— एक वाचक, तळेगाव दाभाडे

उत्तर : मिळेल. रिकॉल चासी नंबरावर असतो, मालकाच्या नावावर नाही. पत्र नाशिकला गेलं म्हणजे आरसी अजून तुमच्या नावावर झालेली नसावी. फॉर्म २९ आणि ३० आजच भरा. घेणाऱ्याला त्यासाठी ३० दिवस असतात, ते केव्हाच उलटलेत. विकणाऱ्याने रिकॉल माहीत असून लपवला असेल तर तो कोण यावर पुढचं ठरतं. जुन्या गाड्यांचा व्यापारी असेल तर ग्राहक आयोग, घरगुती मालक असेल तर दिवाणी कोर्ट, आणि त्या भानगडीत पडण्याआधी दुरुस्ती होते का ते बघा.

कंपनीच्या साइटवर चासी नंबर टाकून तुमची गाडी यादीत आहे का ते दोन मिनिटांत कळतं. नंबर आरसीवर असतो, बऱ्याच गाड्यांत पुढच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यातही दिसतो. सतरा अक्षर-आकडे असतात. त्यात आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरं कधीच नसतात, तेव्हा गोल दिसला की शून्यच टाका.